मस्टँगच्या सीटा: फोम बदलणे का टाळू नये

१९६६च्या फोर्ड मस्टँग मोटारीच्या पुढच्या बकेट सीटांवर (एकेका माणसासाठीच्या सुट्या, खोलगट सीटांवर) जुना फोम तसाच ठेवून फक्त नवी कव्हरे चढवावीत, असा सल्ला दिला जातो. त्याच्याशी मी सहमत नाही. इतक्या वर्षांत फोम दबून गेलेला असतो, त्याच्या कडा बोट लागताच भुग्यासारख्या झडतात आणि नवे कव्हर मूळ आकाराच्या बेताने शिवलेले असल्यामुळे ते कितीही ताणले तरी शिवणीजवळ सुरकुत्या राहतातच.

जुनी कव्हरे फेकण्याची घाई मात्र करू नये. त्यांच्या आतल्या बाजूला कापडी नळीत तारा ओवलेल्या असतात आणि त्यांनाच कड्या अडकवून कव्हर खाली खेचले जाते. सीटवरच्या रेखीव खाचा त्यामुळेच उमटतात. नव्या कव्हरांत या तारा बहुधा नसतात, म्हणून कोणती तार कुठली याची खूण करून त्या जपाव्यात. सांगाडा उघडा पडला की नागमोडी स्प्रिंगा तपासाव्यात, गंज घासून रंग द्यावा आणि त्यांवर गोणपाटाचा थर घालावा, नाहीतर स्प्रिंगा नवा फोम खालून कापत जातात.

नव्या कव्हराचे व्हिनाइल (कृत्रिम कातडे) आधी उन्हात तापवून मऊ करावे, मग मधल्या तारेपासून सुरुवात करून कडांकडे जावे. कड्यांसाठी खास खाचेची पक्कड मिळते, ती घ्यावीच. साध्या पकडीने कडी तिरपी बसते आणि ऐन ताणाच्या जागी व्हिनाइल फाटते.