गव्हांकुराचा थोडाच रस रोज काढायचा असेल तर कोणता ज्यूसर घ्यावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

आमच्या घरी सासूबाई रोज सकाळी गव्हांकुराचा रस घेतात. त्यांचे वय ७२ आहे आणि रस काढण्याचे काम त्यांना स्वतःच्या हातांनी करायचे असते. घरात तो दुसरे कोणी घेत नाही, त्यामुळे रोजची गरज फार तर ५० ते ६० मिलिलिटर एवढीच आहे. इतक्या थोड्या रसासाठी कोणते यंत्र योग्य ठरेल, याविषयी आपले अनुभव हवे आहेत. दुकानात विचारले की मोसंबी, गाजर आणि डाळिंब यांच्याविषयी भरभरून सांगतात, गवताचे नाव काढले की मात्र "सगळे निघते" एवढेच उत्तर मिळते. आतापर्यंत काय वापरून पाहिले ते आधी नीट लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

आम्ही नाशिकला राहतो. गॅलरीत सात पसरट कुंड्या आहेत आणि रोज एका कुंडीत पेरणी होते. लोकवन गहू रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आले की ते कोकोपीट आणि गांडूळखताच्या पातळ थरावर पसरतो. साधारण आठवड्याभरात पाती वीतभर होतात, थंडीत दोन-तीन दिवस अधिक लागतात. कापणी दाण्याच्या वर बोटभर अंतर सोडून कात्रीने करतो. पाती याहून जास्त वाढू दिली की ती चिवट होतात, रस कमी निघतो आणि चवही उग्र लागते, हे आता पक्के लक्षात आले आहे. त्यामुळे गवत जून झाले असावे ही शंका कृपया बाजूला ठेवावी.

सर्वांत आधी घरातलाच सेंट्रिफ्यूगल ज्यूसर वापरला, म्हणजे ज्यात फिरती किसणी आणि तिच्याभोवती जाळीची टोपली असते तो. गाजर-सफरचंदाला तो उत्तम आहे. गवताच्या बाबतीत मात्र किसणी पात्यांचे बारीक तुकडे करते, ते तुकडे जाळीवर जाऊन चिकटतात आणि बराचसा ओला चोथा तसाच बाहेर पडतो. मला त्याचे कारण असे वाटते की गाजर किसले की त्याच्या पेशी फुटतात आणि सुटलेले पाणी गरगर फिरण्याने बाहेर फेकले जाते, पण गवताच्या पात्यातले पाणी लांब, चिवट तंतूंच्या मध्ये अडकलेले असते. ते बाहेर काढायला दाब लागतो, आणि या यंत्रात दाब देणारा भागच नाही. चोथा हाताने पिळला तर पुन्हा हिरवे थेंब पडत होते, यावरून यंत्राने किती रस सोडून दिला हे समजते.

त्यानंतर मिक्सर आला. चटणीच्या भांड्यात पात्यांचे बारीक तुकडे आणि थोडे पाणी घालून फिरवायचे आणि मलमलच्या कापडातून पिळायचे, ही पद्धत सासूबाईंना जमते आणि सध्या तीच चालू आहे. अडचणी दोन आहेत. एक म्हणजे पाणी घातल्याशिवाय पाती पात्याखाली येतच नाहीत, ती भांड्याच्या कडेला चिकटून बसतात. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. त्यांच्या बोटांच्या सांध्यांत दुखणे असल्याने कापड घट्ट पिळणे त्यांना त्रासाचे होते. मी घरी असले तर पिळून देते, पण मी सकाळी लवकर कामावर निघते आणि त्यांना कोणाची वाट पाहणे आवडत नाही. त्यात गैर काही नाही, उलट त्यांचा हा स्वतंत्रपणा टिकावा असे मला मनापासून वाटते, आणि यंत्र शोधण्यामागचे खरे कारणही तेच आहे.

शेजाऱ्यांकडे उभ्या बांधणीचा स्लो ज्यूसर आहे, तो काही दिवस वापरायला मिळाला. हा मिनिटाला ५०-६० फेऱ्यांच्या संथ गतीने फिरतो आणि त्यातला मळसूत्री दांडा पाती चिरडत खाली नेतो. रस सुरेख निघाला, दाट आणि गडद. मात्र लांब पाती घातल्यावर तंतू दांड्याभोवती गुंडाळले गेले आणि यंत्र अडले. इंचभर तुकडे करून, थोडे थोडे घातल्यावर ते नीट चालले, तरी चाळणीच्या भोकांत बसलेला हिरवा लगदा ब्रशने काढायला रस काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

या वापरात एक गोष्ट लक्षात आली, ती कोणत्याही जाहिरातीत सांगितलेली नाही. ताज्या हिरव्या पात्यांच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असते, म्हणजे १०० ग्रॅम गवतातून कितीही चांगले यंत्र घेतले तरी ७०-७५ मिलिलिटरच्या पुढे जाण्याची आशा धरू नये. त्यातला काही रस यंत्राच्या आत, चाळणीवर, दांड्याच्या खाचांत आणि तोटीपाशी राहून जातो. लिटरभर रस काढणाऱ्याला हा उरलेला रस नगण्य आहे. आमच्यासारख्या पेलाभरही रस न काढणाऱ्या घरात मात्र तो एकूण रसाचा मोठा हिस्सा ठरतो. म्हणून "किती टक्के रस निघतो" यापेक्षा "यंत्राच्या पोटात किती राहतो" हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आता नेमके विचारायचे ते असे. टेबलाला आवळून बसवायचे, हाताने फिरवायचे स्टीलचे यंत्र वयस्कर व्यक्तीला झेपते का, आणि हँडल फिरवायला लागणारा जोर कापड पिळण्यापेक्षा कमी असतो का? आडव्या बांधणीच्या विजेवरच्या ज्यूसरमध्ये लांब पाती न कापता घालता येतात असे ऐकले आहे, ते गव्हांकुराबाबत खरे आहे का? दोन दातेरी दांडे एकमेकांत फिरणारे महाग यंत्र एवढ्या थोड्या रसासाठी घेण्यात अर्थ आहे का? आणि यंत्रात राहून जाणारा रस कमी करण्याची काही युक्ती आहे का?

प्रकृतीविषयीही लिहिते, कारण प्रश्न येईलच. हा रस औषध म्हणून घेतला जात नाही. सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवले आहे. सासरे रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात आणि हिरव्या पात्यांतले के जीवनसत्त्व त्या गोळीच्या परिणामाच्या आड येऊ शकते, त्यामुळे त्यांना रस दिला जात नाही. गव्हांकुराने कोणते आजार बरे होतात ही चर्चा येथे होऊ नये, धागा यंत्रापुरताच राहावा, ही विनंती.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. आमच्याकडे आधी हाताचे आणि नंतर आडवे, अशी दोन्ही यंत्रे झाली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

हाताच्या यंत्राची बांधणी अगदी साधी असते. वरून पाती घालायची, आतला मळसूत्री दांडा ती पुढे ढकलत चिरडतो, रस खालच्या जाळीतून पडतो आणि चोथा पुढच्या तोंडातून दोरीसारखा बाहेर येतो. पुढच्या तोंडाला आवळण्याचा स्क्रू असतो. सुरुवातीला तो सैल ठेवावा आणि चोथा बाहेर येऊ लागला की थोडा थोडा आवळावा, म्हणजे दाब वाढतो आणि चोथा कोरडा होत जातो. आरंभापासूनच आवळून ठेवला तर हँडल जड जाते आणि मग लोकांना वाटते की यंत्रच वाईट आहे. पाती अडली तर जोर न लावता अर्धी फेरी उलट फिरवावी.

जोराविषयी आपण विचारले आहे. कापड पिळताना बोटांवर आणि मनगटावर ताण येतो, हँडल फिरवताना तो खांद्यावर आणि दंडावर येतो. बोटे दुखणाऱ्या माणसाला हा बदल सोयीचा वाटू शकतो, पण खांदा धरलेला असेल तर अजिबात नाही. त्यामुळे विकत घेण्याआधी सासूबाईंनी स्वतः पाती घालून ते फिरवून पाहणे आवश्यक आहे. रिकामे फिरवून काहीही कळत नाही.

दुसरी बाब बसवण्याची. आपल्याकडच्या ग्रॅनाइटच्या ओट्याची कड बहुधा जाड आणि गोलसर असते, खाली ट्रॉली असतात, त्यामुळे शिकंजा नीट पकडत नाही आणि फिरवताना यंत्र सरकते. लाकडी टेबलाची सरळ कड उत्तम. खाली रबरी टोपी असलेली प्लॅस्टिकची यंत्रे गुळगुळीत फरशीवर चिकटतात, खरखरीत कडप्प्यावर सुटतात, आणि गवतासाठी ती मला कमजोर वाटली. बिडाचे यंत्र घेऊ नये, कल्हई उडाली की गंज धरते. स्टीलचेच घ्यावे.

आडव्या ज्यूसरबद्दल आपण ऐकले ते बऱ्याच अंशी खरे आहे. त्यात तंतू दांड्याला समांतर पुढे सरकतात आणि तोंडातून बाहेर पडतात, त्यामुळे गुंडाळी कमी होते. पात्यांची बोटाएवढी जाड जुडी करून सरळ घातली तर कापण्याची गरज आम्हाला तरी पडत नाही. सुटे भाग कमी असतात आणि चाळणी लहान असते, म्हणून धुणेही लवकर होते. आत अडकणाऱ्या रसावर उपाय सोपा आहे. गवत संपले की यंत्र चालू असतानाच दोन चमचे पाणी किंवा काकडीची एक फोड घालावी, आतला बहुतेक हिरवा रस तिच्याबरोबर बाहेर येतो. निघालेला चोथा त्याच वेळी पुन्हा एकदा घातला तरी थोडा रस मिळतो. धुण्यात उशीर करू नये, तंतू वाळले की चाळणीच्या भोकांत घट्ट बसतात.

दोन दांड्यांचे यंत्र गवताचा रस सर्वांत कोरडा पिळते हे मान्य आहे, पण ते वजनाला जड असते आणि त्याचे भाग अचूक जुळवून बसवावे लागतात. ५०-६० मिलिलिटरसाठी आणि ७२ वर्षांच्या बाईंसाठी मी ते सुचवणार नाही.

प्रतिसाद

माझे मत थोडे वेगळे आहे. पाणी घालणे हा मिक्सरचा दोष मानू नये. चोथ्यात अडकलेला रस पाण्याने धुतला जाऊन बाहेर येतो, त्यामुळे एकदा वाटून गाळल्यावर त्याच चोथ्यात थोडे पाणी घालून पुन्हा वाटले आणि गाळले, तर हाती लागणारा एकूण अर्क साध्या ज्यूसरपेक्षा कमी नसतो. प्रमाण वाढते इतकेच, आणि ६० मिलिलिटरऐवजी पेलाभर प्यायला अनेकांची हरकत नसते, चवही सौम्य होते. मिक्सरच्या गतीने पाचकद्रव्ये नष्ट होतात असे विक्रेते सांगतात, पण ती द्रव्ये प्रथिनेच असल्यामुळे पोटात गेल्यावर त्यांचे बहुतांशी पचनच होते. क जीवनसत्त्व मात्र हवेशी संपर्क आला की कमी होत जाते, म्हणून मिक्सर थांबत थांबत, थंड पाण्यासह, मिनिटभराच्या आत आटोपावा आणि रस लगेच प्यावा.

अडचण पिळण्याची असेल तर कापड सोडून द्यावे. स्टीलची बारीक गाळणी भांड्यावर ठेवून त्यात लगदा ओतावा आणि वरून वाटीच्या बुडाने किंवा पुरणयंत्राच्या दट्ट्याने दाबावे. तळहाताने खाली दाबायला बोटांची पकड लागत नाही. नवीन यंत्रावर खर्च करण्यापूर्वी आठवडाभर एवढे करून पाहावे.

प्रतिसाद

यंत्राविषयी वरच्या दोघांनी लिहिलेच आहे, मला बियाण्याविषयी सावध करायचे आहे. गहू किराणा दुकानातला, खाण्यासाठी विकला जाणाराच घ्यावा. कृषी सेवा केंद्रातले पेरणीचे बियाणे बुरशीनाशक लावलेले असते, अनेकदा त्यावर गुलाबी किंवा लाल रंग दिसतो, ते खाण्याच्या कामी अजिबात वापरू नये. साठवणीच्या गव्हाला घरी बोरिक पावडर लावली असेल तर तोही टाळावा. मुळांशी दिसणारा पांढरा बारीक केसांसारखा भाग मुळांचाच असतो, पाणी शिंपडल्यावर तो मुळांना चिकटून दिसेनासा होतो. मात्र कापसासारखे जाळे पात्यांपर्यंत चढले किंवा कुबट वास आला तर ती कुंडी पूर्ण टाकावी, वरवर धुऊन ज्यूसरमध्ये घालू नये. पावसाळ्यात कुंड्या एकमेकींना न चिकटवता, वारा खेळेल अशा ठेवाव्यात आणि पाणी सकाळी एकदाच द्यावे.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गाळणी आणि दट्ट्याची सूचना सासूबाईंना वाचून दाखवली, ती त्यांना पटली. उद्यापासून चोथा दोनदा वाटून त्याच पद्धतीने रस काढणार आहेत. त्यांचा उजवा खांदा पूर्वी आखडलेला होता, त्यामुळे हाताचे यंत्र आता विचारातून बाहेर ठेवले आहे. दट्ट्याने दाबणे त्यांना रोज झेपले नाही तर आडवा ज्यूसर घ्यायचा असे ठरत आहे.

आडवे यंत्र वापरणाऱ्यांना एकच विचारायचे राहिले. यंत्राच्या तोंडापुढची टोपी फिरवून उघडताना आणि दांडा ओढून काढताना बोटांना किती जोर लावावा लागतो? काही यंत्रांत ही टोपी रस काढल्यावर दाबामुळे घट्ट बसते असे ऐकले आहे. सासूबाईंच्या बोटांचा विचार करता निर्णय आता त्यावरच अवलंबून आहे, तेव्हा कोणी रोजच्या वापरातून सांगू शकले तर फार मदत होईल.