मदत हवी आहे: जुन्या गिटारचा टॉप खचलाय, शनिवारपर्यंत वर आणायचाय

सहावी_तार
घरातली जुनी अकूस्टिक गिटार आहे. ब्रिजपाशी (तारा टेकतात ती पट्टी) टॉप, म्हणजे समोरची लाकडी पाटी, आत बसलाय, बोट फिरवलं तरी खड्डा लागतो. बाराव्या फ्रेटच्या (दांड्यावरची धातूची पट्टी) पुढे तारा घासतात. शनिवारी वाजवायची आहे. आतून काही लावून टॉप वर ढकलता येईल का? फेविकॉल घरात आहे. कृपया ‘दुकानात द्या’ सांगू नका.

पटाशी
तारा आत्ताच सैल करा. मग सांगा, खड्डा ब्रिजच्या पुढे साउंडहोलकडे आहे की थेट ब्रिजखाली? ब्रिजच्या मागे फुगवटा आहे का? तारा कोणत्या गेजच्या (जाडीच्या)? स्टीलची पट्टी टॉपवर आडवी धरून खाली किती मिमी फट दिसते तेही मोजा.

खर्जप्रेमी
एवढं कशाला? ब्रिज डॉक्टर बसवा. ब्रिजच्या आतून लाकडी ठोकळा येतो, त्यातली दांडी टेल ब्लॉकला (गिटारच्या खालच्या टोकाचा आतला ठोकळा) टेकते. स्क्रू आवळला की ब्रिजचं पुढे झुकणं थांबतं. ब्रेसला (टॉपला आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्या) हात लावायची गरजच नाही.

ओलावा
आधी हवा बघा. गाव कुठलं? आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली गेली की लाकूड आक्रसतं आणि टॉप आत जातो. साबणाच्या डबीला भोकं पाडून घट्ट पिळलेला ओला स्पंज केसमध्ये ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहायला हवी.

सहावी_तार
नागपूर. पण खड्डा दोन वर्षांपासून आहे, गेल्या महिन्यात वाढला. थेट ब्रिजखाली, ४ मिमी. फुगवटा नाही. तारा १२-५३ (सर्वांत पातळ ते सर्वांत जाड, इंचाच्या हजाराव्या भागात), नव्याच टाकल्यात. ब्रिजखाली पुठ्ठा घातला तरी घासतातच. उपाय सांगा ना कुणी.

पटाशी
पुठ्ठा ब्रिजखाली गेला म्हणजे ब्रिज चिकटवलेला नाही! तारा खाली पत्र्याच्या टेलपीसला (गिटारच्या खालच्या टोकाला बसवलेली पट्टी) अडकवल्यात का?

सहावी_तार
हो. जुन्या गिटारींना तसंच असतं ना?

पटाशी
सगळ्यांना नसतं, आणि सगळा उपाय त्यावरच ठरतो. पिनच्या ब्रिजला, म्हणजे तारा पिनांनी ब्रिजमध्येच अडकवलेल्या असतात तिथे, तारा पुढे ओढतात, त्यामुळे मागे फुगवटा येतो आणि ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बहुधा वर जाते. तुमच्याकडे तारा ब्रिजला सरळ खाली दाबतात, म्हणून ॲक्शन खाली आली. १२-५३ चा एकूण ताण साधारण ७५ किलो. तारा ब्रिजवरून जिथे खाली वळतात तो कोन १० अंश असेल तर टॉपवर १३ किलोच्या आसपास दाब पडतो. पुठ्ठ्याने ब्रिज उचलला, कोन वाढला, दाबही वाढला. तो आधी काढा.
ब्रिज डॉक्टर इथे निरुपयोगी. तो झुकणं रोखतो, खाली दाबणं नाही.

आता आरसा आणि टॉर्च घेऊन साउंडहोलमधून बघा. अशा गिटारींत ब्रेस बहुधा शिडीसारखे आडवे असतात. प्रत्येक ब्रेस आणि टॉपच्या मधे कागदाची पट्टी सरकवा. जिथे शिरते तिथे सांधा सुटलाय. ब्रेसला चीर असेल तर तो बदलावा लागेल, नुसतं चिकटवून भागणार नाही.

खर्जप्रेमी
मग ब्रिजखाली व्हायोलिनसारखा खुंट उभा करा. पाच मिनिटांत टॉप वर.

पटाशी
टॉप वर येईल, पण तो मोकळा हलणार नाही आणि आवाज दबेल. शिवाय खुंट बॅकच्या (मागच्या पाटीच्या) ब्रेसवर नसेल तर बॅकला पोक येईल.

निषाद
टेलपीसवरून तंबोरा आठवला. मिरजेच्या तंबोऱ्याची तबली (समोरची लाकडी पाटी) फुगीरच ठेवतात, घोडीचा दाब पेलायला. घोडी सुटली तर सरसच (जनावरांच्या कातड्याचा गोंद) लावायचा का?

सहावी_तार
कृपया विषयावर या. कागद ब्रिजखालच्या ब्रेसमध्ये ७ सेंमी शिरला. चीर नाही. फेविकॉल लावू?

पटाशी
नको. पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, उन्हात तापला की जास्तच. सरस घ्या. दाणे दुप्पट वजनाच्या पाण्यात फुगवा, वाटी गरम पाण्यात ठेवून ६० अंशांवर विरघळवा, उकळू नका. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर फटीत ओढून जुना गोंद काढा.

रंधा
सरस मिनिटभरात गोठतो. साउंडहोलमधून हात घालून एवढ्यात जॅक (आतून दाबून धरायचा टेकू) लागत नाही. पिवळा ॲलिफॅटिक गोंद घ्या, पाचेक मिनिटं मिळतात.

पटाशी
ब्रेस हेअर ड्रायरने कोमट केला तर सरसालाही वेळ मिळतो, आणि जुना थोडा उरला तरी नवा त्यावर धरतो. पिवळा वापरणार असाल तर जुन्याचा कणही राहता कामा नये. दोन्हींत आधी गोंद न लावता कोरडी तालीम कराच.
जॅक: ८ मिमीचा बोल्ट, लांब नट, दोन्ही टोकांना लाकडी टोप्या, त्यांवर २ मिमी कॉर्क. गोंद भरा, ब्रेसखाली जॅक लावा, पाव पाव फेरा फिरवा. फटीतून गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की थांबा. बाहेरून टॉपवर सपाट फळी आणि वजन. २४ तास जॅक, पुढे २ दिवस तारा नाहीत. ४ मिमीचा १ मिमी उरला तरी चालेल, ओढून सपाट करायला जाल तर टॉपला चीर जाईल.
तारा १०-४७ टाका, ताण ६० किलोवर येतो. टेलपीस जिथे वाकतो तिथे खाली लाकडी पट्टी देऊन कोन ६ अंशांवर आणा. दाब साडेसहा किलोच्या आत येईल.

सहावी_तार
म्हणजे शनिवार गेला. ठीक, मित्राची गिटार घेतो. जॅकच्या बरोबर खाली बॅकचा ब्रेस येत नाहीये, ३ सेंमी बाजूला आहे. मग?

पटाशी
१२ मिमी प्लायची १८ × ४ सेंमी पट्टी कापा, साउंडहोलमधून तिरकी आत घाला आणि बॅकच्या दोन ब्रेसवर आडवी टेकवा. जॅक पट्टीवर उभा करा, बॅकला कुठेही टेकू देऊ नका.