मदत हवी आहे: भाच्याचं तीन मिनिटांचं भाषण आणि १९०५ सालचा एक लहानखुरा विंगर

नमस्कार मंडळी,

भाचा आठवीत आहे, पुण्यात रग्बी खेळतो. अंगाने नुसती काडी, म्हणून सरांनी त्याला विंगवर, म्हणजे पार कडेला उभं केलंय. शाळेत 'माझा आवडता खेळाडू' यावर बोलायचंय. बाकीची पोरं धोनी-विराट घेणार, याने वेल्सचा टेडी मॉर्गन धरलाय. मराठीत बसवायचं काम अर्थातच मामाच्या गळ्यात.

जमवलंय ते असं. जन्म १८८०, अ‍ॅबरडेअरजवळचा. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात डॉक्टरकी शिकता शिकता लंडन वेल्शकडून खेळायचा. १९०२ ते १९०८ वेल्सकडून १६ सामने. १९०४ मध्ये ब्रिटिश संघाबरोबर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेला आणि कर्णधार जायबंदी झाल्यावर पुढच्या कसोट्यांत संघ यानेच सांभाळला. आणि मग १६ डिसेंबर १९०५, कार्डिफ. न्यूझीलंडवाले तोवर सगळ्यांना लोळवत आले होते. त्यांचा 'हाका' (सामन्याआधीचा माओरी नाच) संपला आणि उत्तरादाखल मॉर्गनने वेल्सचं राष्ट्रगीत सुरू केलं. बघता बघता अख्खं मैदान गायला लागलं. (इथे भाचा स्वतः गाणार म्हणतोय. आवाज फुटलाय त्याचा, देव करो आणि सर क्षमा करोत.) सामना वेल्सने ३-० जिंकला. ते तिन्ही गुण मॉर्गनच्या एका ट्रायचे (ट्राय म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं), तेव्हा ट्रायला तीनच मिळायचे. ३५ सामन्यांच्या त्या दौऱ्यात न्यूझीलंड हरलं ते एवढ्याच सामन्यात.

आता अडलंय ते सांगतो. ज्या चालीवर तो ट्राय झाला ती मला मराठीत नीट सांगता येत नाहीये. 'ओवेनने चेंडू प्रिचर्डला, प्रिचर्डने गेबला, गेबने मॉर्गनला' असं लिहिलं की रेल्वेचं टाइमटेबल वाटतं. शिवाय त्याच सामन्यातलं न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचं प्रकरण घ्यावं का? त्याचा ट्राय पंच डॅलसने नाकारला, आणि डीन्सने 'चेंडू रेषेपलीकडे सहा इंच टेकवला होता' अशी तार डेली मेल या वर्तमानपत्राला केली. आणि शेवट. भाच्याला 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हवंय. माझा हात धजत नाही.

कडेचा_गडी: मामा, तुमच्याकडे शब्द आहे की! हूल. खो-खोत डावीकडे खांदा टाकून उजवीकडे सुटतो ना गडी, तेच इथे सबंध संघाने केलं. स्क्रममधून (दोन्हीकडचे गडी खांदे भिडवून एकमेकांना रेटतात ना, त्यातून) चेंडू काढून ओवेन उजवीकडे निघाला. तिकडे वेल्सचाच पर्सी बुश होता. आदल्या वर्षी त्याने न्यूझीलंडवाल्यांना त्यांच्याच देशात घाम फोडला होता, म्हणून सगळे बुशकडे धावले. ओवेनने चेंडू उलटा, डावीकडे फेकला. तिकडे मॉर्गनपुढे मोकळं रान आणि सगळ्यात मागे राखणीला असलेला एकटा फुलबॅक. तेवढं सांगा, मधली नावं गाळली तरी चालतील.

शेवटाचं म्हणाल तर मी कॉलेजात असताना मुंबईत विंगवर खेळलोय. धडकेची भीती दोन सामन्यांत मरते. खरी भीती वेगळीच. अर्धा तास कोणी चेंडू देत नाही, पावसात बोटं आखडून जातात आणि मग एकदाच तो ओला, निसरडा चेंडू अंगावर येतो. तो सुटला की संपलं. भाच्याला याबद्दल विचारा.

सायली_ठाणे: डीन्सला घ्याच हो. बिचारा १९०८ मध्ये अपेंडिक्सने गेला, चोविसाव्या वर्षी. जिंकलेल्याच्या भाषणात हरलेल्याची दोन वाक्यं असली की ऐकणारे जरा सरसावून बसतात. मात्र 'ट्राय होता' किंवा 'नव्हता' असा निकाल पोराने देऊ नये. तार वाचून दाखवावी आणि पुढे जावं.

धागाकर्ता मामा: दोघांचेही आभार. हूल चपखल बसली. भाच्याला ओल्या चेंडूचं विचारलं, तर म्हणाला, "मामा, मागच्या मॅचमध्ये मला दोनदाच बॉल आला. एकदा सुटला." आता भाषण तिथूनच सुरू करतोय. म्हण आपोआप गळाली.

एकच राहिलं. स्क्रमला मराठीत काय म्हणू? 'झुंबड' लिहिलं तर लोकलच्या दारातली वाटते.

कडेचा_गडी: स्क्रमच म्हणा.