गणित थोडे बदलले की अडणारी मुले

प्रश्न

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. गुळगुळीत उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचा तळाशी वेग काढण्याचे गणित फळ्यावर सोडवून दाखवले, की कोन आणि लांबी बदलून दिलेली गणिते बहुतेक मुले बिनचूक सोडवतात. मात्र घटक चाचणीत उताराच्या जागी गुळगुळीत पण वक्र घसरगुंडी दिली, तेव्हा अनेकांनी ‘हे शिकवलेच नाही’ म्हणून जागा कोरी सोडली. काय अडले असे विचारल्यावर ‘सगळेच’ एवढेच उत्तर मिळते. वह्या सुबक आहेत, महत्त्वाची वाक्ये रंगवलेली आहेत. आपले नेमके कुठे अडते हे स्वतः ओळखण्यापर्यंत या मुलांना कसे न्यावे?

उत्तर १

मॅडम, मुलांच्या लेखी ते गणित उताराचे होते आणि तुमच्या लेखी ऊर्जेच्या अक्षय्यतेचे, म्हणजे उंचीमुळे असलेली ऊर्जा खाली येताना गतीच्या ऊर्जेत बदलते पण एकूण तेवढीच राहते, या नियमाचे. मिशेलिन ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांच्या १९८१च्या अभ्यासात हाच फरक दिसला: भौतिकशास्त्रातील गणितांचे गट पाडताना नवशिक्यांनी उतार, स्प्रिंग अशा दिसणाऱ्या वस्तू पाहिल्या, तर जाणकारांनी लागू होणारा नियम पाहिला. म्हणून एखादा तास गणिते न सोडवता केवळ त्यांचे गट पाडण्यासाठी द्यावा. गुळगुळीत उतार, घसरगुंडी, लंबक आणि उंचावरून सोडलेला चेंडू ही चारही गणिते एकाच गटात का जातात, हे मुलांनी सांगावे. त्यात घर्षण असलेला उतार मुद्दाम मिसळावा. दिसायला सख्खा भाऊ असूनही तो त्या गटात बसत नाही, कारण घर्षणात काही ऊर्जा उष्णतेत जाते, आणि खरी चर्चा तिथेच सुरू होते.

उत्तर २

वरील सूचना योग्य आहे, परंतु त्यावरून फळ्यावर सोडवून दाखवणे बंद करावे असा अर्थ कोणी काढू नये. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्यांना पुढची गणिते लवकर सुटली, मात्र हा फायदा त्याच धाटणीच्या गणितांपुरता राहिला. तुमच्या वर्गात नेमके तेच घडले आहे. माझा अनुभव असा, की पहिले उदाहरण पूर्ण सोडवावे, दुसऱ्यात शेवटची पायरी आणि तिसऱ्यात शेवटच्या दोन पायऱ्या मुलांवर सोडाव्यात, आणि प्रत्येक पायरीसमोर ‘ही का?’ याचे एका ओळीत उत्तर लिहून घ्यावे. असे केल्यावर ‘सगळेच’ म्हणणारा मुलगा निदान ‘तिसरी पायरी’ म्हणू लागतो. जो पुढे गेला आहे, त्याला मात्र हा आधार जाचू लागतो. त्याचा तो वेळीच काढून घ्यावा.

उत्तर ३

रंगवलेल्या वह्यांबद्दल थोडेसे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवडा गेल्यावर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना वाटणारी खात्री अशी फसवी असते. गणित सोडवण्यापूर्वी समासात ‘जमेल’ किंवा ‘शंका आहे’ असे लिहायला लावावे आणि नंतर ते उत्तराशी ताडून पाहायला सांगावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. पूर्ण वर्गात हे अवघड आहे, त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या तुकड्यांत करून पाहते. गट पाडण्याची कारणे तोंडी घ्यावीत की लिहून?

उत्तर १

लिहून. तोंडी घेतल्यास पहिल्या बाकावरच्या मुलाचे उत्तर सगळा वर्ग उचलतो.