चर्चा: हेराक्लीसची वंशावळ एकच काढावी की ग्रंथागणिक वेगळी?

तक्तेवाला
ग्रीक पुराणकथा वाचताना घोळ होतो तो नात्यांचा. माझं मत सरळ आहे: हेराक्लीसच्या (रोमनांचा हर्क्युलिस) घराण्याचा एकच तक्ता असावा आणि त्याला आधारही एकच, अपोलोडोरसच्या नावावर असलेला ग्रीक पुराणकथांचा संग्रह, 'बिब्लिओथिकी'.

सगळ्यात वर देवांचा राजा झ्यूस आणि राजकन्या डॅनी. खाली परसिअस, शेजारी बायको अँड्रोमेडा. त्यांना सहा मुलगे आणि एक मुलगी, पण तिघेच घ्या: आल्सीअस, एलेक्ट्रिऑन, स्थेनेलस. आल्सीअसची मुलं आम्फिट्रिऑन आणि अनाक्सो. एलेक्ट्रिऑनने लग्न केलं ते पुतणीशीच, या अनाक्सोशी. त्यांची मुलगी आल्क्मीनी, ती दिली आम्फिट्रिऑनला. स्थेनेलसचा मुलगा युरिस्थिअस. आल्क्मीनीला झ्यूसपासून हेराक्लीस आणि नवऱ्यापासून इफिक्लीस; जुळे, पण बाप दोन.

आता रेघा धरून वाचा. आम्फिट्रिऑन बायकोचा चुलत भाऊ, शिवाय सख्खा मामा. झ्यूस हेराक्लीसचा बाप, शिवाय खापरपणजोबा. आणि ज्याच्या हुकमाने बारा कामं करावी लागली तो युरिस्थिअस आईचा चुलत भाऊ, म्हणजे नात्याने मामाच. (आपल्याला कंस आठवणारच.) चार ग्रंथांचे चार तक्ते काढलेत तर ही गंमत हाती लागत नाही.

शंकासुर
तिघेच का घेतले तेही सांगा की! परसिअसच्या आणखी एका मुलाला, मेस्टॉरला, गाळलंत म्हणून तक्ता इतका स्वच्छ दिसतोय. अपोलोडोरसकडे मेस्टॉरची बायको लायसिडिकी, पेलॉप्सची मुलगी. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिलेल्या थिसिअसच्या चरित्रात हीच लायसिडिकी आल्क्मीनीची आई आहे. एका ठिकाणी काकू, दुसऱ्या ठिकाणी आई. अनाक्सो गेली की तुमचा सख्खा मामाही गेला, नुसता चुलत भाऊ उरला.

हा फरक किरकोळ नाही. लायसिडिकीचा भाऊ पिथिअस, त्याची मुलगी ईथ्रा, तिचा मुलगा थिसिअस. म्हणजे आल्क्मीनी आणि ईथ्रा आते-मामे बहिणी झाल्या, आणि हेराक्लीस-थिसिअस लांबचे मावसभाऊ. अथेन्सच्या वीराला हेराक्लीसच्या पंगतीला बसवायचं तर ही आई फार सोयीची. तुमच्या तक्त्यात हे नातं इतकं जवळचं राहत नाही.

तक्तेवाला
अपोलोडोरस स्वतःच पर्याय नोंदवतो. आम्फिट्रिऑनच्या आईसाठी त्याने तीन नावं दिली आहेत: अ‍ॅस्टिडामिया, लाओनोमी, हिप्पोनोमी. पहिलं नाव चौकटीत, बाकीची दोन कंसात. प्लुटार्कची लायसिडिकी तळटीपेत. झालं.

गोत्रावळी
आई तळटीपेत मावेल हो, पण हेराक्लीसच्या बायकोचं, मेगाराचं, काय करणार?

अपोलोडोरसकडे हेराक्लीस वेडाच्या भरात मेगारापासून झालेली मुलं आगीत टाकतो, सोबत इफिक्लीसचीही दोन. मग कामं. मेगारा जिवंत आहे. कामं संपल्यावर तो तिला पुतण्याला, आयोलॉसला, देऊन टाकतो. युरिपिडिसच्या नाटकात (इ.स.पू. ४१६च्या सुमारास) क्रमच उलटा: आधी कामं, मग हत्या, तीही बाणांनी आणि गदेने, आणि मेगाराही मरते. तिथे कामांचं कारणही वेगळं. एलेक्ट्रिऑनला मारल्यामुळे परागंदा झालेल्या आम्फिट्रिऑनला मायदेशी, आर्गॉसला, परत जाता यावं म्हणून हेराक्लीस ती अंगावर घेतो. हेराक्लीसची मेलेली मुलं या दोघांकडे तीन, कवी पिंडारकडे आठ.

दोन्ही एका कागदावर घातलंत तर मेगारा मरून पुन्हा बोहल्यावर चढते. म्हणून हे करा: तळाच्या कागदावर फक्त सगळ्यांना मान्य असलेली नाती. वर प्रत्येक ग्रंथाचा एक ट्रेसिंग पेपर. एकेरी रेघ म्हणजे जन्म, दुहेरी म्हणजे लग्न, आणि ट्रेसिंगवरच्या प्रत्येक रेघेवर ग्रंथाचं आद्याक्षर. आद्याक्षर लिहायचं राहून गेलं की ती रेघ कुठून आली हे पुढे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग तीच 'मूळ कथा' म्हणून फिरायला लागते. मुलांचे आकडे तळाला लिहूच नका.

शंकासुर
अगदी. एकाच तक्त्याचा हट्ट जुन्यांनाही नडलेला आहे. हेराक्लीसच्या मुलाला, ट्लेपोलेमसला, ट्रॉयच्या युद्धात मारणारा झ्यूसपुत्र सारपेडॉन घ्या. होमरकडे त्याची आई लाओडामिया, बेलेरोफॉनची मुलगी. दुसऱ्या परंपरेत सारपेडॉन युरोपा नावाच्या राजकन्येचा मुलगा, क्रीटचा राजा मिनॉस याचा भाऊ. आता मिनॉसचा नातू इडोमेनिअस ट्रॉयला लढतोय, मग भाऊ तिथे कसा? अपोलोडोरस म्हणतो, झ्यूसने सारपेडॉनला तीन पिढ्यांचं आयुष्य दिलं. इतिहासकार डायोडोरसने त्यापेक्षा सोपा मार्ग काढला: सारपेडॉन दोन, एक आजा आणि एक नातू. ही सरळसरळ ठिगळं आहेत.

तक्तेवाला
ठिगळ असेल, पण तेही ग्रीकांनीच लावलेलं. तक्त्यात ते दिसायला हवं. आणि नवख्याच्या हाती पहिल्याच दिवशी पाच ट्रेसिंग दिलेत तर तो पुस्तक मिटेल. मेगाराच्या बाबतीत मात्र माघार घेतो. तिच्या दोन चौकटी करीन, मध्ये तुटक रेघ.

तुमच्या तळाच्या कागदासाठी एक माणूस सुचवतो, लिसिम्निअस. अपोलोडोरसकडे तो एलेक्ट्रिऑनचा लग्नाबाहेरचा मुलगा, म्हणजे आल्क्मीनीचा सावत्र भाऊ. ट्लेपोलेमसने बापाच्या या म्हाताऱ्या होत चाललेल्या मामाला मारलं आणि म्हणून त्याला पळून जावं लागलं, हे 'इलियड'मध्येही आहे. आल्क्मीनीची आई अनाक्सो धरा नाहीतर लायसिडिकी, हा मामा हलत नाही.

गोत्रावळी
घेतला. पण फक्त 'हेराक्लीसचा मामा' एवढंच शाईने. त्याची आई मिडिआ होमर देत नाही, ती अपोलोडोरसच्या ट्रेसिंगवर जाईल.