पोरांना मुली मिळत नाहीत, हा प्रॉब्लेम नक्की कोणाचा?

चिंचेचा कोळ (धागा यांचा)

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरला निघालेला नवरदेव मोर्चा आठवतोय का? शेरवानी, फेटे, मुंडावळ्या, घोडे, बँडबाजा आणि वरात थेट कलेक्टर ऑफिसवर. चॅनलवाल्यांची मजा झाली, आपणही मीम फॉरवर्ड करून मोकळे झालो. पण निवेदनात काय होतं ते किती जणांनी वाचलं? गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा कडक राबवा, अशी मागणी होती त्यात. म्हणजे घोड्यावर बसून का होईना पण पोरांनी मुद्दा नेमका पकडला होता.

आता आपल्याकडे कुठल्याही लग्नाच्या पंगतीत नाहीतर पारावर हाच विषय निघाला तर काय ऐकू येतं? "मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात हो." संपलं. निदान झालं, दोषी सापडला, जिलेबी वाढा.

महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. निसर्गाच्या हिशोबाने साधारण साडेनऊशे असायला हव्यात. मुंबईतल्या बायकांच्या संघटना १९८६ पासून यावर ओरडत होत्या, त्यांच्याच रेट्यामुळे १९८८ ला आपल्या राज्याने देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा यायला १९९४ उजाडलं. तेव्हा हा काय होता? "महिलांचा प्रश्न". आरोग्य खात्याने भिंती रंगवायच्या, आठ मार्चला भाषण ठोकायचं. एकही घोडा बाहेर निघाला नाही. आणि आता तीच गोष्ट पंचवीस वर्षांनी दुसऱ्या टोकाने जमीनजुमला असलेल्या घरातल्या पोरांवर आली की लगेच "गंभीर सामाजिक समस्या".

माझं म्हणणं एवढंच, किती लोकांना त्रास होतोय यावर समस्या ठरत नाही, कोणाला होतोय यावर ठरते. आणि ज्याला होतोय तोच तिचं बारसं करतो, मग दोष कोणाच्या माथी जाणार हेही तिथेच ठरून जातं. बोला.

---

बांधावरून

ओ साहेब जनगणना नका सांगू. वय ३४, सांगोल्याकडं सहा एकर बागायत, डाळिंब आणि थोडा कांदा, निर्व्यसनी, घर पक्कं. किती ठिकाणी बघून आलो ते मोजायचं सोडून दिलं. पुण्यात पंधरा हजारावर कंपनीत लागलेला, दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा पोरगा पोरीच्या बापाला चालतो, मी चालत नाही. आणि हा बाप कोण? स्वतः शेतकरी! म्हणतो शेती पाहिजे पण शेतकरी नको. डिसेंबर २०२३ ला एका रात्रीत कांद्याची निर्यातबंदी झाली, भाव कोसळला, आणि त्याच आठवड्यात आमचं जवळपास जमलेलं मोडलं. आता सांगा याच्यात सोनोग्राफी कुठं आली? हा शेतीचा प्रश्न आहे, शेतमालाला भाव द्या, सगळ्यांची लग्नं होतील. तुम्ही लोक याला स्त्रीभ्रूणहत्येकडं नेता म्हणजे परत आमच्याच आईबापाला गुन्हेगार ठरवता.

---

आकडेमोड

दोघंही अर्धे बरोबर, जरा दमाने वाचा, लांबण लागणार आहे.

कोल्हापूर घ्या, सुपीक जमीन, दूध, ऊस, साखर कारखाने. २००१ ला तिथे हजार मुलांमागे ८३९ मुली. सांगली ८५१. आणि गरीब, जंगलातलं म्हणतो त्या गडचिरोलीत साडेनऊशेच्या वर. म्हणजे पैसा आला की मुली वाढतात हे विसरा, आधी सोनोग्राफी सेंटर येतं. ही २००१ ची लहान पोरं आज पंचविशी-तिशीच्या घरात आलीत, म्हणजे ऐन लग्नाच्या रांगेत उभी आहेत.

पण बांधावरून यांचा मुद्दा असा की मग कमतरता सगळ्यांना सारखी का नाही? कारण मुलगी नेहमी "वरच्या" घरात द्यायची ही आपली रीत. समजा शंभर मुलांमागे पंधरा मुली कमी आहेत. नोकरीवाल्या पोराला त्याचं काही कळतच नाही, त्याला गावातूनही मुली येतात आणि शहरातूनही. शहरातली मुलगी मात्र गावात येत नाही. मग ती पंधराची तूट घरंगळत शेवटच्या पायरीवर जाऊन साठते, शेतकरी, मजूर, कमी शिकलेला, पायाने अधू. शहरात तूट शून्य, तर गावात शंभरातली चाळीस पोरं बिनलग्नाची, असंही होऊ शकतं.

आणि अजून एक भानगड आहे जी कोणी बोलत नाही. आपल्याकडे मुलगा चारपाच वर्षांनी लहान मुलगी बघतो. जन्म दरवर्षी वाढत होते तेव्हा मागून येणारी मुलींची पिढी कायम मोठी असायची, म्हणून आपल्या आत्यांच्या वेळी मुलं कमी पडायची आणि हुंडा चढायचा. आता राज्यात बाईमागे सरासरी मुलं १.७ वर आलीत, मागची पिढी आधीच्या पिढीपेक्षा लहान. त्यामुळे एकही गर्भपात झाला नसता तरी थोडी तूट पडलीच असती. वयाची अट सोडा, थोडा गुंता तिथेच सुटेल.

---

शेजारची ताई

"अपेक्षा" म्हणजे काय काय ते तरी लिहा ना कोणीतरी. मी लिहिते. संडास घरात. सासू सासरे असू देत पण पहाटे चारला धारा काढायला उठायला लागू नये. नळाला पाणी. शिकलेय तर नोकरी करू द्यावी. ही यादी मुलाने केली असती तर त्याला महत्त्वाकांक्षा म्हटलं असतं.

या मुलींनी आईला बघितलंय. खुरपणी, भांगलण, वैरण, चूल, वर "घरीच असते". मुलीच्या मागे उभी राहून शेतकरी नको म्हणणारी बहुतेक वेळा आईच असते, बाप नुसता बोलून दाखवतो. तिला विचारा ना तीस वर्षं शेतकऱ्याची बायको असणं कसं असतं.

---

बांधावरून

ताई, आमच्याकडं धारा मीच काढतो. मशीन घेतलंय.

---

शेजारची ताई

मग बायोडेटात तेच पहिल्या ओळीत लिहा, सहा एकर दुसऱ्या ओळीत टाका. खरंच सांगतेय, टोमणा नाही.

---

वधूवर सूचक काका

मी तीस वर्षं या लाईनीत आहे. पूर्वी मुलीचे वडील माझ्या ओट्यावर फाईल घेऊन बसायचे, आता मुलाचे बसतात. फॉर्मवर आता "अपेक्षा : काही नाही" लिहितात आणि तोंडी सांगतात आपल्यातलीच बघा. आपल्यातली म्हणजे नुसती जात नाही हं, पोटजात, देवक, शहाण्णव कुळी का नाही, पत्रिका, वर पलीकडच्या तालुक्यातली नको. मी म्हणतो शेजारच्या समाजात चांगली मुलगी आहे, तर उठून जातात. आणि हेच लोक सहा महिन्यांनी एजंटला लाख दीड लाख देऊन परराज्यातली मुलगी आणतात, तिची जात कोण विचारतो? त्यातल्या काही आठ दिवसांत दागिने घेऊन पसार, मग पोलिस स्टेशन. बाकीच्या बिचाऱ्या भाषा येत नाही म्हणून गप्प बसून राबतात, त्यांची बातमी होत नाही.

---

चिंचेचा कोळ

काकांनी नेमकं सांगितलं. बघा, भाव, सोनोग्राफी, अपेक्षा, सगळी कारणं चर्चेला चालतात. जात हे कारण म्हणून कोणी घेत नाही, ती जणू हवामान आहे. मुलगी मिळत नाही म्हणून आंतरजातीय लग्नाच्या मागणीचा मोर्चा निघालेला कोणी ऐकलाय?

---

वऱ्हाडी ठेचा

आला जातीवर. कोणताही धागा उघडा, विसाव्या प्रतिसादाच्या आत जात येतेच येते. अरे बाबांनो इथे एक माणूस सांगून राहिला की कांद्याचा भाव पडला म्हणून लग्न मोडलं आणि तुम्ही त्याला समाजशास्त्र शिकवून राहिले. पोटाचा प्रश्न आहे तो. तुमच्या असल्या मांडणीचा फायदा फक्त सरकारला, सगळा दोष संस्कृतीवर टाकला की हमीभावाबद्दल कोणी विचारत नाही.

---

उपकेंद्रातली

मी नर्स आहे, बीडच्या बाजूला काम केलंय. इथे २०११ ला हजार मुलांमागे मुलींचा आकडा होता ८०७. आठशे सात! कुठल्या दवाखान्यात काय चालायचं हे सगळ्यांना माहिती असायचं, बाई तिथे "फिरून आली" म्हटलं की समजून घ्यायचं. नंतर २०१७ ला सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले तेव्हा राज्य हादरलं म्हणे. आम्ही नाही हादरलो.

शिकलेले लोक मला काय सांगायचे माहितीये का, की मुली कमी झाल्या की आपोआप त्यांची किंमत वाढेल. वाढली का? राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय, आणि आमच्या पट्ट्यात तर त्याच्या दुप्पटीच्या आसपास. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोरगी गावात एकटी ठेवायची भीती, आणि तोडीला नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, उचल कोयत्यावर मिळते, मग पंधरा सोळाला उरकून टाकतात. इकडे मुलींची टंचाई, तिकडे मुली घाईने उजवून टाकायच्या, दोन्ही एकाच जिल्ह्यात. पण नवरदेवाचा मोर्चा निघाला की कॅमेरे येतात. पंधरा वर्षांची बाळंतीण माझ्या टेबलावर येते तेव्हा कोणी येत नाही, वय तेवढं अठरा सांगतात.

---

एकटा जीव

मला कळत नाही, लग्न झालं नाही तर प्रॉब्लेम कशाला म्हणायचं? प्रौढ माणूस एकटा राहतोय, राहू द्या. मी राहतोय पुण्यात मजेत.

---

बांधावरून

पुण्यात राहा हो मजेत. गावात बिनलग्नाच्या माणसाला वाटणीत कोण विचारत नाही, भावकीत कोण विचारत नाही, कुणाच्या घरी दुपारी सहज गेलं तर बायका पदर सावरून आत जातात. आई सत्तरीची, तिचे गुडघे गेलेत. मी भाकऱ्या थापतो ते सोडा, पण ती रोज सकाळी माझ्याकडं बघते ना, ते बघवत नाही.

---

शेजारची ताई

हे वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण हेच सगळं मुलींच्या बाबतीत शंभर वर्षं होतं की. बिनलग्नाची बहीण, परत आलेली, टाकलेली. तिच्याकडेही आई अशीच बघायची. तेव्हा त्याला "तिचं नशीब" म्हणायचे. २०१७ ला लातूर जिल्ह्यात शेतकऱ्याच्या मुलीने बापाकडे हुंड्याला पैसे नाहीत म्हणून चिठ्ठी लिहून जीव दिला. फार जुनी गोष्ट नाहीये.

---

जुनं पान

याहून मागे जा. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्याआधी ब्राह्मण विधवेला दिवस गेले आणि तिने मूल मारलं तर तो काय होता? तिचं पाप, आणि कोर्टात गुन्हा. फुल्यांनी काय केलं, गुपचूप येऊन बाळंत व्हा असं जाहीर करून टाकलं. म्हणजे पापाचा विषय उचलून बाळंतपणाच्या सोयीचा केला. एवढ्यानेच लोक खवळले. तसंच साताऱ्यात २०११ ला "नकुशा" नावाच्या पावणेतीनशेच्या वर मुलींचा नावं बदलायचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम चांगलाच, पण नाव बदललं मुलीचं, तिला नकोशी म्हणणाऱ्या घराला कोणी काही विचारलं नाही. त्यामुळे चिंचेचा कोळ यांचं म्हणणं मला पटतं पण पूर्ण नाही, ज्याला त्रास होतो तोच प्रश्नाचं बारसं करतो असं नाही, कधीकधी तिसराच माणूस येऊन नाव बदलतो.

---

चिंचेचा कोळ

मान्य, पण तो तिसरा माणूस शंभर वर्षांत एखादा. बाकी वेळी ठरवणारे तेच.

वऱ्हाडी ठेचा, हमीभाव हवाच. पण भाव आला आणि पैसा आला की काय झालं ते कोल्हापूर सांगलीच्या आकड्यात दिसतंय ना? तेव्हा तर उसाला चांगले पैसे होते.

---

वऱ्हाडी ठेचा

उसावरून कापसाला जोखू नका. आमच्याकडे ये, यवतमाळात बस, मग बोल.

---

शेजारची ताई

बांधावरून, एक विचारू? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. गावंच्या गावं पुढे आली होती तेव्हा. १९९२ ला सरकारनेही तसा आदेश काढला. तुम्ही सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावाल? लग्नाच्या आधी कबूल करून?

---

बांधावरून

अजून वाटणी नाही झाली. बहिणींची पण नावं आहेत वर, त्यांनी हक्कसोड दिलं नाही अजून. भावाला विचारावं लागेल. आणि समजा लावलं, तरी मुलगी येईल याची गॅरंटी कोण घेणार, तुम्ही?

---

शेजारची ताई

गॅरंटी नाही. पण बहिणींकडून हक्कसोड मागताय आणि बायकोला नाव देऊ का विचारताय, याचा जरा एकत्र विचार करा.

---

वधूवर सूचक काका

तुम्ही बायोडेटा पाठवा हो, मी ग्रुपवर फिरवतो. धारांचं मशीन, सातबारा, सगळं लिहा. घटस्फोटित चालेल का तेही लिहा, माझ्याकडे दोन चांगली स्थळं आहेत, एक तर तिशीतली आहे, शिक्षिका, एक मुलगी आहे पदरात. पोटजात वेगळी आहे पण.

---

बांधावरून

आईला विचारून सांगतो.