कॅल्क्युलेटर सरकवला की मागे त्याचेच ठसे का उमटतात?

दुकानातला_भाचा:
मामाच्या दुकानात अजून जुना विंडोज एक्सपीवाला पीसी आहे, बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं म्हणून बदलत नाहीत. काल बिल प्रिंटला दिलं आणि सगळं अडकलं, वर कॅल्क्युलेटर उघडा होता तो बाजूला सरकवायला गेलो तर मागे कॅल्क्युलेटरच कॅल्क्युलेटर, पत्ते पिसून टाकल्यासारखे! मामा म्हणे व्हायरस घुसला. माझ्या लॅपटॉपवर कितीही हँग झालं तरी असं होत नाही. काय भानगड आहे?

जुना_खोडरबर:
व्हायरस बियरस काही नाही रे. एक्सपीत सगळ्या विंडो एकाच पाटीवर लिहितात असं समज, स्क्रीनची मेमरी एकच. कोण वर कोण खाली हा क्रम, म्हणजे झेड-ऑर्डर, सिस्टिमला माहीत असतो पण खाली काय झाकलं गेलंय ते ती सहसा जपून ठेवत नाही. कॅल्क्युलेटर हलला की उघड्या पडलेल्या तुकड्यापुरता मागच्या प्रोग्रॅमला निरोप जातो, डब्ल्यूएम_पेंट, की बाबा एवढं परत रंगव. आता तुमचं बिलिंग बसलंय प्रिंटरची वाट बघत, निरोप वाचणार कोण? मग पाटीवर जे आधीचं होतं, म्हणजे कॅल्क्युलेटरचं चित्र, ते तसंच.

रात्रपाळी_कोडर:
+१. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून डेस्कटॉप विंडो मॅनेजर आला. आता प्रत्येक विंडोला स्वतःचा कागद, ती पडद्याआड रंगवते आणि हा गडी सगळे कागद क्रमाने एकावर एक ठेवून ग्राफिक्स कार्डकडून स्क्रीनवर उमटवून घेतो. मागचा प्रोग्रॅम झोपला तरी त्याचं शेवटचं चित्र शाबूत. फुकटात नाही हां, फुल एचडीभर एक विंडो म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, झाले साधारण ८ एमबी, एक्सपीच्या काळातल्या २५६ एमबी रॅमवर हे परवडलं असतं का सांग. मॅकवाल्यांकडे हे २००१ पासूनच होतं, ते सांगतीलच येऊन.

दुकानातला_भाचा:
मग लॅपटॉपवर हँग झालं की विंडो पांढुरकी का पडते?

रात्रपाळी_कोडर:
ती खरी नसतेच! ५ सेकंद प्रोग्रॅमने निरोपच उचलले नाहीत तर सिस्टिम खरी लपवून तिथे डमी उभी करते, म्हणून ती हलते, मिनिमाइज होते, आतलं बटण दाबून बघ, ढिम्म. एक्सपीतही ही युक्ती आहे, पण डमी उभी राहीपर्यंत ठसे उमटतातच.

अर्धी_भाकरी:
आलोच, मॅकवाला :D झाकलेला भाग सोडून उरलेला वेडावाकडा तुकडा तेवढा रंगवायचा हे ॲपलच्या बिल ॲटकिन्सनने त्यांच्या लिसा कॉम्प्युटरसाठी बसवलं. झेरॉक्सच्या लॅबमध्ये १९७९ ला हे बघितलंय अशी त्याची समजूत, तिथे असलं काही नव्हतंच. गैरसमजातून केलं बेट्याने. मायक्रोसॉफ्टच्या १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये तर विंडो एकमेकींवर चढायच्याच नाहीत, फरश्यांसारख्या शेजारी शेजारी.

दुकानातला_भाचा:
आत्ताच करून बघितलं. नुसतं बिलिंग चालू असताना कॅल्क्युलेटर गरागरा फिरवला, एक ठसा नाही. प्रिंटरची केबल काढून प्रिंट दिली, लगेच सगळीकडे कॅल्क्युलेटर. मामा आता केबलवर संशय घेतायत.